पैस, आणि एक मदरबोर्ड

मराठी शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या मदरबोर्डावर लेख लिहावा, हे आमच्या काही सहकाऱ्यांना रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. ज्यांच्याशी पाठभेदांवर वाद घालायचा, त्यांच्यापुढे व्होल्टेजच्या गोष्टी काढणे म्हणजे कीर्तनात बाजारभाव सांगण्यासारखेच. पण आमच्या आयुष्यात हे दोन विषय एकदा एकमेकांत असे गुंतले, की एकाविषयी बोलताना दुसरा वगळणे आजही जमत नाही. चुकीचा मदरबोर्ड घेतल्यामुळे, किंवा खरे सांगायचे तर बोर्डाचा विचारच न केल्यामुळे, आम्ही एका म्हातारीच्या एक्केचाळीस ओव्या कायमच्या गमावल्या. पुढे दुसरा बोर्ड निवडताना आम्ही काय पाहिले आणि का पाहिले, ते सांगण्यासाठी हा लेख.

नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या एका गावी आमची नोकरी झाली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्याच्या बातम्या कानावर येत होत्या, आणि आपल्याही परिसरात असे काही करावे अशी उमेद आमच्या मनात होती. १९९६ ते २००१ या काळात सुट्ट्यांमध्ये अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर हिंडून आम्ही ओव्या जमवल्या. जाती बहुतेक घरांतून मागच्या पडवीत गेली होती. विजेची गिरणी आल्यावर दळण गेले आणि दळणाबरोबर ओवीची वेळही गेली. तरी खुंट्याला हात लावला की म्हाताऱ्यांना आठवायचे. त्यांतल्या एका आजींनी एका बैठकीत एक्केचाळीस ओव्या सांगितल्या. त्यांत सासर-माहेर होते, धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन होती, आणि भाऊ होता. आम्ही त्या कॅसेटवर घेतल्या, घरी येऊन उतरवल्या, संगणकावर टंकित केल्या, आणि कोऱ्या कॅसेटचे पैसे वाचावेत म्हणून त्याच कॅसेटवर पुढच्या वाडीचे ध्वनिमुद्रण केले. हातकागद होते, ते टंकन झाल्यावर रद्दीत गेले. टंकित झालेला मजकूर आता सुरक्षित आहे, असे आम्हांला वाटत होते. छापल्यासारख्या दिसणाऱ्या अक्षरावर आपला विश्वास जरा जास्तच असतो.

तो संगणक २००२ सालचा, जोडून घेतलेला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘असेंबल्ड’. प्रोसेसर एएमडीचा ड्युरॉन, १००० मेगाहर्ट्झचा. बोर्ड कुठला, हे आम्ही विचारले नाही आणि दुकानदाराने सांगितले नाही. काही महिन्यांनी एका उत्साही विद्यार्थ्याने आम्हांला दाखवले की सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर एक आकडा बदलला, तर हाच प्रोसेसर फुकटात ११२० मेगाहर्ट्झने धावतो. फुकट मिळणाऱ्या बारा टक्क्यांना नाही म्हणण्याइतका पगार तेव्हा नव्हता. संगणक सुरू झाला, काही बिघडले नाही, आणि आम्ही त्याला चहा पाजला.

या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यात नेमके काय होते, ते समजून घेणे अवघड नाही. संगणकाच्या बोर्डावर एक स्फटिक ठरावीक ठोके देत असतो. त्या ठोक्यांवर बसची गती ठरते, आणि तिला एका आकड्याने गुणून प्रोसेसरची गती निघते. आमच्या ड्युरॉनचे गणित होते १०० गुणिले १०. गुणणारा आकडा, म्हणजे मल्टिप्लायर, बहुधा बंदिस्त असतो. म्हणून मूळचा ठोकाच १०० चा ११२ करायचा. प्रोसेसर पळू लागतो. पण त्याच ठोक्याला तीनने भागून पीसीआय नावाची दुसरी बस चालत असते, आणि आमच्या बोर्डावर हार्ड डिस्ककडे जाणारा-येणारा सगळा मजकूर तिच्यावरून जात होता. तिने ३३ मेगाहर्ट्झने चालावे असा नियम. आम्ही तिला, नकळत, ३७ च्या वर नेले होते. प्रोसेसरला ते सोसले. डिस्कच्या वाटेवर मात्र अधूनमधून एखादा अंक निसटू लागला.

संगणक बंद पडला असता, तर आम्ही सावध झालो असतो. तो बंद पडला नाही. आठवड्यांमागून आठवडे तो आज्ञाधारकपणे चालत होता आणि लिहिलेले थोडेथोडे खोटे करत होता. दर रविवारी आम्ही फाइलींच्या प्रती फ्लॉपीवर घेत होतो. म्हणजे दर रविवारी बिघडलेल्या प्रतीने चांगल्या प्रतीची जागा घेत होतो. ज्या दिवशी आजींची फाइल उघडली नाही, त्या दिवशी फ्लॉपीवरचीही उघडली नाही. इतर बहुतेक ओव्या कॅसेटवरून पुन्हा उतरवता आल्या. आजींच्या नाही. पुढच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो, तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

यात त्या विद्यार्थ्याचा दोष नव्हता. बोर्डाचाही नव्हता, जे काम त्याने कधी कबूल केले नव्हते, ते आम्ही त्याच्याकडून करून घेत होतो. पोथ्यांचा इतिहास शिकवणाऱ्याला तर हे कळायलाच हवे होते. नकलकाराचा थांबलेला हात कुणाच्याही लक्षात येतो. न थांबता चुकीचे लिहीत जाणारा हात पिढ्यांना फसवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा ताडून पाहायला त्यांच्यापुढे निरनिराळ्या प्रती होत्या. आमच्यापुढे एकच प्रत होती, आणि तिच्या तिच्यापासूनच केलेल्या नकला होत्या.

त्यानंतर पाच-सहा वर्षे आम्ही संगणकाच्या वेगाचे नाव काढले नाही. २००८ मध्ये भाचा अभियांत्रिकीला गेला आणि आमच्या घरी राहायला आला. त्याला एक संगणक हवा होता, आम्हांलाही जुना बदलायचा होता, आणि दोघांचे मिळून वीस हजार रुपये होते. भाच्याने पहिल्याच दिवशी ओव्हरक्लॉकिंगचा विषय काढला. आम्ही त्याला ओव्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मामा, पाच एचपीची मोटर बसवायची आणि केबल घरातल्या दिव्याची टाकायची, तसं झालं ते. मोटर वाईट नव्हती.”

त्याचे घर उसाचे; हा दाखला त्याला आपोआप सुचला. आम्हांला मात्र त्या एका वाक्याने विषयाची दुसरी बाजू दिसली. आम्ही सहा वर्षे वेगाला दोष देत होतो. दोष वेगाचा नव्हता, त्याच्याखाली काय आहे हे न पाहण्याचा होता. मग आम्ही दोघे रोज रात्री, वीज असेल तितका वेळ, या एका प्रश्नावर वाचू लागलो. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे होती. वाचन आणि अंधार यांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असे.

वाचताना पहिली गोष्ट सापडली ती दहा वर्षांपूर्वीची. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा ठोका ६६ चा, मल्टिप्लायर साडेचारचा, वेग ३०० मेगाहर्ट्झ. जगभरच्या हौशी मंडळींनी तो १०० च्या ठोक्यावर लावला आणि ४५० मेगाहर्ट्झ मिळवले. हे सर्वांना माहीत असते. कमी लोक लक्षात घेतात ते असे, की हा चमत्कार अर्धा प्रोसेसरचा आणि अर्धा ४४०बीएक्स या चिपसेटचा होता. बीएक्सच्या बोर्डांना १०० चा ठोका मुळातच मान्य होता. १०० ला तीनने भागले की पीसीआय बरोबर ३३ वर राही. म्हणजे प्रोसेसर आपल्या नेमून दिलेल्या वेगाच्या दीडपट पळत होता, आणि बोर्ड मात्र स्वतःच्या मर्यादेत, निवांत उभा होता. अॅबिट या कंपनीचा बीएच६ हा बोर्ड त्या काळात याच कामासाठी नावाजला गेला. ठोका आणि व्होल्टेज त्याच्यावर पिना न हलवता, पडद्यावरूनच बदलता येत. ती कंपनी २००८ च्या अखेरीस या धंद्यातून उठली.

यातून आम्ही आमचा पहिला नियम काढला, आणि तो आजही कुणाला सांगण्यासारखा वाटतो: ज्या बोर्डाची स्वतःची कबूल मर्यादा प्रोसेसरच्या मर्यादेच्या बरीच वर आहे, तो बोर्ड घ्यावा. ताणायचे ते एकालाच. दोघांना एकदम ताणले, की चूक कुणाची हे कधीच कळत नाही.

प्रोसेसर ठरायला वेळ लागला नाही. इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६० हा २००७ सालचा, १.८ गिगाहर्ट्झचा. ठोका २००, मल्टिप्लायर ९. महागड्या कोअर २ ड्युओच्याच कुळातला; कॅश कमी आणि ठोका कमी, एवढाच उणेपणा. आणि बोर्ड पी३५ या चिपसेटचा, कारण त्याला ३३३ चा ठोका मुळातच मान्य होता. दोनशेचा प्रोसेसर तीनशे तेहतीसच्या बोर्डावर. शिवाय अशा बोर्डांवर पीसीआयचा ठोका वेगळा बांधून ठेवलेला असतो. मुख्य ठोका कितीही वाढवा, ती ३३ वरच राहते. याला ‘लॉक’ म्हणतात. आमच्या २००२ च्या बोर्डावर हेच कुलूप नव्हते. वहीत आम्ही त्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

दुसरा नियम विजेचा. प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास वीज लागते, आणि एसएमपीएसकडून येते ती १२ व्होल्टची. मधले रूपांतर बोर्ड करतो. उष्णतेच्या हिशेबाचा आकडा ६५ वॅट धरला आणि व्होल्टेज १.३ धरले, तर ५० अँपिअर होतात. घरातल्या गिझरच्या प्लगमधून जास्तीत जास्त १५ जातात, हे आठवले म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून पन्नास जाणे काय असते ते कळते. हा भार बोर्डावर काही टप्प्यांत, म्हणजे फेजमध्ये, वाटलेला असतो. फेज जितके जास्त, तितका एकेकावरचा भार कमी. प्रोसेसरचा वेग वाढवला की त्या प्रमाणात वीज वाढते. पण वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागले, तर ते वर्गाच्या प्रमाणात भर घालते. १.८ चे ३.० गिगाहर्ट्झ करायचे आणि १.३ चे १.४ व्होल्ट करायचे, तर वीज जवळजवळ १.९ पट होते, आणि पन्नासाचे नव्वद अँपिअर होतात. ही वाढ प्रोसेसरच्या जाहिरातीत दिसत नाही. ती बोर्ड निमूटपणे सोसतो.

तिसरा नियम उन्हाचा, आणि तो पुस्तकांपेक्षा आमच्या गावाने शिकवला. परदेशातले परीक्षण लिहिणारे लोक पंचवीस अंशांच्या खोलीत बसून लिहितात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर बोलायलाच नको. खोलीतले हे जादा पंधरा अंश प्रोसेसरच्या तापमानात जसेच्या तसे मिळवले जातात. कुठलाही पंखा त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. बोर्डावरचे कपॅसिटर तर याहून हळवे. त्यांच्यात द्रव भरलेला असतो, आणि ढोबळ नियम असा, की दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे होते. त्या दशकात फुगलेल्या डोक्याच्या कपॅसिटरांमुळे जगभर असंख्य बोर्ड गेले. त्याला उतारा म्हणून २००७ च्या सुमारास काही बोर्डांवर घन कपॅसिटर येऊ लागले. त्यांत वाळून जाणारा द्रव नसतो. आम्ही ठरवले, की बोर्डावर हेच हवेत आणि वीज सांभाळणाऱ्या भागांवर हीटसिंक हवा.

खरेदीला पुण्यालाच गेलो. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात आमच्या खेपा होतच. तपकीर गल्ली तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, हे इतकी वर्षे लक्षात आले नव्हते. दुकानदाराने आमची यादी वाचली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले.

“सर, बोर्ड प्रोसेसरपेक्षा महाग होतोय. लोक उलटं करतात.”

“माहीत आहे. आम्हीही एकदा उलटंच केलं होतं.”

तो हसला. मग म्हणाला, “गिऱ्हाईक विचारतं प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क किती. बोर्ड कुणी विचारत नाही. आणि दुरुस्तीला येतो तो बोर्डच.” त्याने तीन खोकी काढली. भाच्याने प्रत्येक बोर्ड उजेडात धरून कपॅसिटर पाहिले, फेज मोजले, आणि बायोस पुसून पुन्हा मूळपदावर आणणारी पिन कुठे आहे तेही पाहिले. “चुकलं तर परत यायची वाट आधी बघायची, मामा,” तो म्हणाला. एसएमपीएस मात्र आम्ही निवडला, आणि उरलेल्या पैशांतून एक दुसरी डिस्क घेतली, केवळ प्रतींसाठी. घरी आल्यावर पहिल्यांदा अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला, पाणी घातले, आणि मगच संगणक जोडला.

डिसेंबर होता. भाच्याने ठोका दोनशेवरून थोडा थोडा वाढवत नेला. आठवड्याभरात आमचा १.८ चा प्रोसेसर ३३३ गुणिले ९, म्हणजे ३.० गिगाहर्ट्झवर चालू लागला, १.४ व्होल्टवर. भाचा हरखून गेला. आम्ही मात्र त्याला सांगितले, की संगणक चालतो याचा अर्थ तो खरे बोलतो असा होत नाही. मग त्याने प्राइम९५ नावाची आज्ञावली लावली. तिची रीत आम्हांला फार आवडली. ती प्रोसेसरला अशी गणिते घालते, ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत, आणि आलेले उत्तर ताडून पाहते. म्हणजे ही प्रतींची तुळणाच. रात्रभर गणिते बरोबर आली. रॅमसाठी मेमटेस्ट लावली, तीही निर्दोष गेली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, खोली चाळीस अंशांवर असताना आम्ही तीच परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. तिसऱ्या तासाला एक उत्तर चुकले. पडदा तसाच होता, संगणक चालूच होता. फक्त एक उत्तर चुकले होते.

त्या दिवशी आमचे आणि भाच्याचे थोडे वाजले. त्याचे म्हणणे असे, की तीन तासांत एक चूक म्हणजे काहीच नाही. खेळ खेळताना ती दिसणारही नाही, आणि फार तर २.७ वर आणू. २.७ वर परीक्षा उन्हातही पार पडली. तरी आम्ही २.४ म्हटले: ठोका २६६, आणि व्होल्टेज कंपनीने दिलेलेच.

“मामा, पास होतोय ना २.७ ला? मग खाली का आणायचं?”

“अरे, आज बेचाळीस अंश आहेत. उद्या चव्वेचाळीस झाले तर? संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवा पिवळा पडतो, तेव्हा? चार वर्षांनी कपॅसिटर म्हातारे होतील, तेव्हा? परीक्षेत पस्तीस पडले म्हणून तू पुस्तक मिटतोस का?”

शेवटचे वाक्य त्याला लागले. आमच्या व्यवसायाची खोड. पण त्याने २६६ लावले. काही वेळाने म्हणाला, “हे मधलं अंतर सोडतात ना, त्याला हेडरूम म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?”

तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. मे महिन्यात त्याच्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, नेवाशाला घेऊन गेलो, तेव्हा ते समोरच उभे होते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे, तो खांब नेवाशाला आहे. त्याला ‘पैसाचा खांब’ म्हणतात. दुर्गाबाई भागवतांच्या १९७० च्या ‘पैस’ या पुस्तकामुळे हा शब्द आपल्या पिढीच्या तोंडी बसला. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा, ‘ऐसपैस’मधला. आम्ही तो वर्गात कितीदा तरी समजावला असेल. पण त्या दिवशी खांबाकडे पाहताना प्रथमच ध्यानात आले, की मंदिर त्या खांबाचे आहे. ग्रंथ जगभर गेला. इथे लोक नमस्कार करतात तो ज्याला टेकून तो सांगितला गेला त्या दगडाला. भाच्याला म्हटले, “तुझ्या हेडरूमला मराठीत पैस म्हण.” तो म्हणाला, “म्हणजे बोर्डाला पैस पाहिजे.” आम्हांला या विषयावर याहून नेमके वाक्य आजवर मिळालेले नाही.

तो संगणक २.४ वर अकरा वर्षे चालला. डिस्का बदलल्या, रॅम वाढवली, एकदा पंखा बदलला. बोर्ड तोच राहिला. ओव्यांचा उरलेला संग्रह आम्ही त्याच्यावर पुन्हा टंकित केला, या वेळी युनिकोडमध्ये, आणि प्रत्येक फाइलीच्या तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. प्रती घेण्याआधी त्या ताडून पाहण्याची सवय लागली ती कायमची.

आता काळ बदलला आहे. २०११ मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली, आणि मूळचा ठोका इतर सर्व बसांशी असा बांधला गेला, की तो चार-पाच टक्क्यांपलीकडे हलवणे अवघड झाले. वेग वाढवायचा तर मल्टिप्लायर खुला असलेला, नावात ‘के’ अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला चिपसेट, दोन्हींचे वेगळे पैसे मोजावे लागतात. एएमडीच्या रायझनमध्ये बी आणि एक्स मालिकेतल्या बोर्डांवर ही मुभा आहे, ए मालिकेतल्यांवर ती नसते. स्वस्त प्रोसेसरात दडलेला महाग प्रोसेसर शोधण्याचे दिवस गेले. आजचे प्रोसेसर आपला वेग आपणच वाढवतात, आणि कारखान्यातून निघतानाच मर्यादेच्या काठाशी आलेले असतात. पूर्वी जो पैस गिऱ्हाइकाच्या हाती शिल्लक राही, तो आता विकणाराच जाहिरातीतल्या आकड्यात वापरून टाकतो.

त्याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही वरच्या श्रेणीचे प्रोसेसर, कुणी हातही न लावता, डळमळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे कंपनीने मान्य केले; ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली गेली. अनेक बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्येच विजेच्या मर्यादा सैल सोडलेल्या होत्या, हेही त्या वेळी पुढे आले. ज्यांची झीज आधीच झाली होती, ते दुरुस्तीने सुधारले नाहीत. हे वाचताना आम्हांला आमचा ड्युरॉन आठवला. फरक एवढाच, की तेव्हा पडद्यावरचा आकडा आम्ही स्वतः बदलला होता.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारले, की सर, नवा संगणक जोडायचा आहे, बोर्ड कुठला घेऊ? ती बोलीभाषांवर काम करते. तिच्याजवळ चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण आहे. आम्ही तिला नाव सांगितले नाही, कारण नावे दर वर्षी बदलतात. म्हटले, प्रोसेसर ठरव, आणि मग त्याच्या भुकेपेक्षा मोठे ताट असलेला बोर्ड बघ. वीज सांभाळणाऱ्या भागांवर हीटसिंक आहे का ते बघ. बायोसमध्ये विजेची मर्यादा आपल्या हाताने खाली आणता येते का ते बघ, आणि ती आण. परीक्षा घ्यायची ती मे महिन्यात, दुपारी. आणि मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नकोस. टंकित झाले तरी नाही, छापून झाले तरी नाही.

तिने हे सगळे वहीत लिहून घेतले. शेवटचे वाक्य संगणकाविषयीचे नाही, हे तिच्या लक्षात आले असावे, कारण तिने मान वर करून पाहिले. आम्ही तिला आजींविषयी सांगितले. त्यांचा आवाज ज्या कॅसेटवर होता ती अजून आमच्या कपाटात आहे. तिच्यावर आता दुसऱ्या वाडीतल्या बाया गातात. त्याही चांगल्या गातात. पण त्या थांबल्या की मधल्या शांततेत आम्ही आजही कान देऊन ऐकतो, आणि तिथे काही नसते.